शर्यतीच्या गाडीचा उलटा पंख : वेग, भार आणि नटबोल्टांचे गणित

तंजावर : बृहदीश्वराचे मंदिर आणि भोसले घराण्याचे सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या या शहरात २० जानेवारी २०२० रोजी हवाई दलाची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन सुखोई-३० एमकेआय विमानांसह दाखल झाली. शहरालगतचा हा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जुन्या धावपट्टीवर उभा आहे. सुखोईसारखे अजस्र विमान ज्या तत्त्वावर हवेत उचलले जाते, तेच तत्त्व उलटे करून शर्यतीची गाडी जमिनीला घट्ट धरून ठेवता येते. गाडीच्या मागच्या बाजूला उंच खांबांवर बसवलेला आडवा पंख, म्हणजेच रिअर विंग, हे त्या उलट्या तत्त्वाचे दृश्य रूप होय. सुट्या भागांच्या बाजारात असे पंख आता कोणत्याही गाडीसाठी मिळतात. ते नेमके काय करतात आणि कोणत्या अटींवर करतात, याची माहिती मात्र त्या मानाने फारच कमी ग्राहकांना असते.

विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेचा प्रवाह खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर ढकलला जातो. गाडीचा पंख पालथा असतो. तो हवेला वर वळवतो व स्वतः खाली दाबला जातो. या खाली दाबणाऱ्या बलाला शर्यतीच्या परिभाषेत डाउनफोर्स म्हणतात. त्यामुळे टायर रस्त्यावर अधिक जोराने टेकतात, पकड वाढते आणि वळण अधिक वेगाने घेता येते. गाडीच्या वस्तुमानात त्यासाठी फारशी भर पडत नाही, हे या युक्तीचे खरे सौंदर्य.

डिकीच्या कडेला चिकटवलेला स्पॉयलर आणि पंख यांत लोक गल्लत करतात. स्पॉयलरच्या खालून हवा जात नाही. तो गाडीवरून वाहणाऱ्या प्रवाहाला अडवून मागची बाजू उचलली जाण्याची प्रवृत्ती कमी करतो. पंखाच्या वरून आणि खालून अशी दोन्हीकडून हवा वाहावी लागते. त्यातही खरे काम खालचा पृष्ठभाग करतो, कारण कमी दाबाचा पट्टा तेथे तयार होतो. अलीकडच्या शर्यतीच्या गाड्यांत पंख खालून न टेकवता, हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या खांबांनी वरून टांगलेला दिसतो, तो याचसाठी. खालचा प्रवाह मोकळा राहावा, एवढाच त्यामागील हेतू आहे.

पंखाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दीड मीटर लांब आणि पाव मीटर रुंद असा साधारण एकेरी पंख घ्यावा, त्याचा बल-गुणांक १ मानावा आणि तमिळनाडूतील उष्ण, म्हणून किंचित विरळ हवा गृहीत धरावी. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा पंख जेमतेम ६ किलो भार देतो. ताशी १०० किलोमीटरला १७ किलो आणि २०० किलोमीटरला सुमारे ६८ किलो. शहरातील रहदारीत पंखाचा उपयोग डिकीत ठेवलेल्या भाजीच्या पिशवीहून अधिक नसतो, तो यामुळे. भाजीच्या पिशवीला निदान हवेचा विरोध तरी होत नाही.

ट्रॅकवर हेच ६८ किलो मोलाचे ठरतात, पण तेथे दुसरी अडचण उभी राहते, आणि हौशी चालकांची फसगत बहुधा येथेच होते. पंख सहसा मागच्या चाकांच्याही मागे असतो. दोन आसांमधील अंतर अडीच मीटर आणि पंख मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर ६८ नव्हे, सुमारे ८८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा सुमारे २० किलो भार कमी होतो. लहान मुलांच्या सी-सॉवर एका टोकाला जड मूल बसले की दुसरे टोक उचलले जाते, तसाच हा प्रकार. परिणामी वेगवान वळणावर चालक स्टिअरिंग फिरवतो, तरी गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. संथ वळणावर पंखाचे बल नगण्य असल्याने तीच गाडी नेहमीसारखी वागते. एकाच फेरीत गाडीचा स्वभाव असा दोनदा बदलला, तर अननुभवी चालकाला त्याचा अंदाज येत नाही.

म्हणून पंख ही एकट्याने विकत घेण्याची वस्तू नव्हे. त्याच्या जोडीला पुढच्या बंपरखाली पुढे आलेली सपाट फळी, म्हणजे स्प्लिटर, किंवा तत्सम योजना लागते. पोर्शे ९११ जीटी३ आरएस या गाडीचे सध्याचे रूप पाहावे. ताशी २०० किलोमीटर वेगाला तिचा एकूण डाउनफोर्स ४०९ किलो आणि २८५ किलोमीटरला ८६० किलो असल्याचे कंपनी सांगते. लोकांच्या नजरेत भरतो तो छपराहूनही उंच असा मागचा पंख. परंतु त्याला तोल देण्यासाठी अभियंत्यांनी पुढच्या सामानाच्या जागी रेडिएटर बसवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत हलती वायुगतिकी यंत्रणा घातली. चेन्नईत २०२४ मध्ये प्रथमच रस्त्यांवर झालेल्या रात्रीच्या शर्यतीतील फॉर्म्युला ४ गाड्यांनाही पंख पुढे आणि मागे असे दोन्हीकडे होते.

आता नटबोल्टांकडे वळू. डिकीच्या झाकणाचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याला चार भोके पाडून बसवलेला पंख ७०-८० किलोचा भार आणि सततची थरथर सोसेल, अशी अपेक्षा ठेवणे धाडसाचे आहे. आधी झाकण वाकते, मग पंखाचा कोन बदलतो आणि शेवटी जोड सुटतो. सुटलेला पंख मागून येणाऱ्या चालकासाठी प्राणघातक ठरू शकतो. खांब शक्यतो चासीला किंवा बंपरमागच्या मजबूत तुळईला जोडावेत आणि प्रत्येक सत्रानंतर बोल्ट तपासावेत, हा नियम येथे पाळावाच लागतो.

शर्यतीच्या जगाने हा धडा अपघातांतून घेतला. स्विस अभियंता मायकेल माय याने १९५६ मध्ये नुर्बुर्गरिंग येथे आपल्या पोर्शे ५५० गाडीवर पंख बसवला होता. आयोजकांनी तो काढायला लावला. अमेरिकेच्या जिम हॉल यांनी १९६६ मध्ये चॅपरल २ई या गाडीचा उंच पंख थेट मागच्या चाकांच्या आधारभागांना जोडला. त्यामुळे भार स्प्रिंगांवर न येता सरळ चाकांवर पडत असे आणि सरळ रस्त्यावर चालक पायाने पंख आडवा करू शके. दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये पंखांची चढाओढ लागली. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मॉन्टजुइक ट्रॅकवर ग्रॅहॅम हिल आणि योहेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे पंख एकाच उंचवट्याजवळ मोडले. रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनॅको शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. जगातील उत्तम अभियंत्यांच्या खांबांची ही गत झाली, तर गल्लीतल्या गॅरेजमधील जोडकामाकडे संशयाने पाहिलेलेच बरे.

पंख भक्कम बसला तरी त्याला स्वच्छ हवा मिळते का, हा प्रश्न उरतोच. छपरामागे हवा घुसळलेली असते. त्या पट्ट्यात दडलेला बुटका पंख शोभेपुरता राहतो. कोनाचेही तसेच. कोन वाढवला की बल वाढते, पण एका मर्यादेपलीकडे खालचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो, बल कोसळते आणि विरोध मात्र वाढतच जातो. विमानाच्या बाबतीत याला स्टॉल म्हणतात, गाडीच्या बाबतीतही. तपासणी स्वस्तात होते : पंखाच्या खालच्या बाजूला लोकरीचे तुकडे चिकटवावेत आणि दुसऱ्या गाडीतून चित्रीकरण करावे. धागे सरळ मागे वाहत असतील तर प्रवाह चिकटून आहे. ते भिरभिरत असतील तर कोन जास्त झाला आहे, असे समजावे.

तंजावरमध्ये शर्यतीचा ट्रॅक नाही. येथील हौशी चालकाला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरला जावे लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती पूर्वी शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर होत. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक वापरात आहे. तेथील वेगवान वळणांवर चांगल्या पंखाचा फरक जाणवू शकतो. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे लहान आणि वळणावळणाचा असल्याने तेथे त्याच पैशांचे टायर अधिक फळ देतील. किंबहुना टायर, ब्रेक पॅड आणि प्रशिक्षण या तिन्हींवर खर्च झाल्याशिवाय पंखाचा विचार करू नये, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

ट्रॅकवर पोहोचण्यापूर्वी कायद्याचीही गाठ पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हे वेगळेच. शर्यतींसाठी मात्र भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे नियम लागू होतात. आपल्या वर्गात पंखाला मुभा आहे का आणि असल्यास किती उंची व रुंदीपर्यंत, हे खरेदीपूर्वीच पाहावे. नोंदणीकृत गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी सोयीचा मार्ग एकच : खांबांसह सहज सुटा होणारा पंख निवडावा, तो वेगळा नेऊन ट्रॅकवर पोहोचल्यावर बसवावा आणि परतीच्या प्रवासापूर्वी काढून ठेवावा.