मँचेस्टरचा पाऊस, चेंबूरचा पाऊस

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांबाबत एक अधिसूचना काढली. धुराड्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे ‘फ्लू गॅस डिसल्फरायझेशन’ किंवा वीजकेंद्रात सगळे म्हणतात तसं ‘एफजीडी’, बसवण्याच्या सक्तीतून देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना सूट मिळाली. मूळ नियम २०१५चा, त्याची मुदत २०१७ची. ती पुढे ढकलत ढकलत दहा वर्षं गेली आणि अखेर बहुतेकांपुरता नियमच उरला नाही. या निर्णयाच्या बाजूने बोलणारे भारतीय कोळशात गंधक कमी असल्याचं सांगतात. आपल्याकडे आम्लपर्जन्य ही फारशी मोठी समस्या नाही, हाही त्यांचा ठरलेला मुद्दा.

हा दुसरा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. तो खरा का आहे, हे पाहायला गेलं की एका विस्मरणात गेलेल्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञापासून सुरुवात करावी लागते.

रॉबर्ट अँगस स्मिथचा जन्म १८१७चा, ग्लासगोजवळचा. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ लिबिगच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवून तो मँचेस्टरला आला, तेव्हा कापडगिरण्यांच्या त्या शहरावर कोळशाच्या धुराचं छप्परच होतं. स्मिथने पावसाचं पाणी भांड्यांत धरून तपासायला सुरुवात केली. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी पाऊस म्हणजे निसर्गाने ऊर्ध्वपातन करून दिलेलं स्वच्छ पाणी, अशीच समजूत होती. १८५२ साली त्याने निष्कर्ष छापले. शहराबाहेर दूरच्या शेतांवर पडणाऱ्या पावसात त्याला अमोनियम कार्बोनेट सापडलं, उपनगरांत अमोनियम सल्फेट आणि ऐन शहरात चक्क गंधकाम्ल. गावाबाहेरून मध्यभागाकडे येताना पावसाचं रसायन पायरीपायरीने बदलत होतं. कापडांचे रंग का विटतात, लोखंड लवकर का गंजतं, याचा माग त्याने त्या पाण्यातच काढला.

स्मिथ प्रयोगशाळेत बसून राहणाऱ्यांतला नव्हता. मिठापासून धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लाचे लोट हवेत सोडत. आसपासची झाडं आणि पिकं त्यात जळून जात. १८६३च्या अल्कली कायद्याने यातलं ९५ टक्के आम्ल अडवणं बंधनकारक केलं आणि पहिला मुख्य निरीक्षक म्हणून स्मिथची नेमणूक झाली. कोकने भरलेल्या उंच मनोऱ्यात वरून पाणी सोडायचं, खालून वायू चढवायचा, म्हणजे आम्ल पाण्यात उतरतं. ही युक्ती विल्यम गॉसेजने १८३६ सालीच काढली होती, पण कायदा येईपर्यंत अनेक मालकांना तिची निकड वाटली नव्हती. अडवलेलं आम्ल मग कित्येक ठिकाणी सरळ नदी-ओढ्यांत गेलं, हेही या गोष्टीतच येतं. १८८४ साली मरण येईपर्यंत स्मिथ हे काम करत राहिला. निरीक्षक होण्याआधीच मॅक्डूगल नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पूडही तयार केली होती. कार्लाइल शहराच्या सांडपाण्यावर कार्बोलिकचा गुण येतो हे कळल्यावरच जोसेफ लिस्टरने ते शस्त्रक्रियेत वापरून पाहिलं. लिस्टरचं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. स्मिथचं नाव रसायनशास्त्राच्या पदवीधरालाही बहुधा ठाऊक नसतं.

‘एअर अँड रेन’ हा त्याचा सहाशे पानांचा ग्रंथ १८७२ साली आला. ‘ॲसिड रेन’ हे शब्द त्यातून आले. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञ एव्हिल गोरॅम इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात पावसाचं पाणी तपासत होता, तेव्हा त्याला दिसलं की वारा कारखान्यांच्या बाजूने आला की पाऊस आम्लयुक्त होतो. स्मिथचं महत्त्व पुन्हा ध्यानात आलं ते अशा कामांमुळे. १९६३ साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमध्ये, कारखान्यांपासून दूर असलेल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात जीन लायकन्स आणि सहकाऱ्यांनी पावसाचा नमुना घेतला. त्याचा पीएच निघाला ३.७. (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त.) हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे निर्मळ पावसाचाही पीएच ५.६च्या आसपास असतो. म्हणजे त्या जंगलातला पाऊस सुमारे ऐंशीपट आम्ल होता.

आता महाराष्ट्रात येऊ. १९७०च्या दशकात मुंबई परिसरात पावसाचं रसायन तपासलं गेलं, तेव्हा जणू स्मिथचाच नकाशा पुन्हा उमटला. अलिबाग आणि कुलाब्याच्या पावसाचा पीएच सातच्या आसपास, कल्याणचा त्याहून खाली, आणि खतकारखाना व तेलशुद्धीकरणाच्या टापूतल्या चेंबूरचा पाचच्याही खाली. पण चेंबूर हा अपवाद होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत एल. टी. खेमाणी आणि सहकाऱ्यांनी ढगांतलं आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तपासलं. देशात बहुतेक ठिकाणी ते ५.६च्या वर, म्हणजे अल्कलीकडे झुकलेलं मिळालं. इतका कोळसा जाळूनही असं कसं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर एका शब्दाचं होतं: धूळ.

आपल्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर आहे. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला किंवा नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात, हा त्यांचा नेहमीचा वैताग. हीच माती उन्हाळ्यात वावटळींतून वर चढते. ढगाच्या थेंबात गंधकाम्ल आणि चुनखडीचा कण एकत्र आले, की उरतात कॅल्शियम सल्फेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. जळजळ झाल्यावर चघळायच्या अँटासिडच्या अनेक गोळ्यांत हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि पोटातली क्रियाही याच जातीची. वळवाचा पहिला पाऊस गाडीच्या काचेवर मातकट ठिपके सोडून जातो, ते या औषधाचे डाग. पावसाळा सरकत जातो तशी हवा धुतली जाते, धूळ संपते आणि पीएचही खाली येऊ लागतो.

मोजणीतही एक मेख आहे. नमुन्याचं भांडं सतत उघडं ठेवलं, तर पाऊस नसतानाही त्यात धूळ साचते आणि आकडा वर सरकतो. म्हणून आता थेंब पडला की झाकण उघडणारी आणि पाऊस थांबला की मिटणारी यंत्रं वापरतात. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना ही बाब विसरून चालत नाही.

आम्लपर्जन्य म्हटलं की आपल्या पाठ्यपुस्तकांत ताजमहाल हटकून येतो. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे आम्लाची भीती रास्त आहे. पण ताजचा पांढरा रंग कशाने मळला, हे आयआयटी कानपूर आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा पृष्ठभागावर सापडले ते मुख्यतः धुळीचे आणि लाकूड, शेणी, कचरा जळून येणाऱ्या कार्बनचे कण. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हा धूरही यायला हवा.

तेव्हा भारताचा पाऊस आम्ल नाही, हे विधान बऱ्याच अंशी बरोबर. त्यावरून एफजीडी अनावश्यक ठरवणं मात्र चूक आहे. एफजीडीमध्येही धुरावर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा मारा करतात आणि जिप्सम मिळवतात. जे काम वाऱ्यावरची माती फुकट करते, तेच धुराड्यापाशी, वायू सुटण्याआधी होतं. हा फरक फार मोठा आहे, कारण सुटलेला सल्फर डायऑक्साइड थेंबात पोहोचण्यापूर्वी हवेतच सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनवतो. पीएम २.५ म्हणून जे मोजलं जातं, त्यात हे कण येतात आणि ते थेट फुप्फुसात जातात. डिसेंबरात पाऊस नसतो, वाराही पडलेला असतो. नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेडा वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना जूनमधल्या पावसाच्या पीएचचा तेव्हा काहीच उपयोग नाही.

पुणे आणि नागपूर धरून देशातल्या दहा ठिकाणी हवामान खातं अनेक दशकं पावसाचं रसायन नोंदवत आलं आहे. या दीर्घ नोंदींत पीएच हळूहळू उतरताना आणि नायट्रेट वाढताना दिसतं. नायट्रेटचा मोठा वाटा वाहनं आणि वीजकेंद्रांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा. ते एफजीडीच्या चुनखडीने धुतले जात नाहीत, त्यांना वेगळी यंत्रणा लागते. शहरांतली धूळ कमी करण्याचे कार्यक्रमही सुरू आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. ती धूळ घटेल तसा आम्लाला मारणारा चुनाही हवेतून घटेल. म्हणून धूळ आणि वायू यांवर एकाच वेळी काम व्हायला हवं, आणि नागपूरच्या पाऊस-नोंद केंद्रावरचे नमुने खंड न पडता तपासले जायला हवेत.