प्राचीन गहू आणि पीकसुधारणा

गव्हाचे रानटी पूर्वज व पारंपरिक वाण यांच्यातील उपयुक्त जनुके आधुनिक वाणांत आणून त्यांची रोगप्रतिकारशक्ती व पोषणमूल्य वाढविणे, ही गहू सुधारणेची एक महत्त्वाची पद्धत आहे.

पार्श्वभूमी

सरबती गहू सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वी एमर गहू (२८ गुणसूत्रे) व एजिलॉप्स टॉशी हे रानगवत (१४ गुणसूत्रे) यांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाला. त्याची गुणसूत्रे ४२ आहेत. असे संकर क्वचितच घडल्याने पूर्वजांमधील बरीचशी विविधता या गव्हात उतरली नाही. पुढे मोजक्याच वाणांची निवड होत गेल्याने ती आणखी घटली. ए. ई. वॉटकिन्स यांनी १९२० व १९३० च्या दशकांत जमविलेल्या ८२७ पारंपरिक वाणांचा जनुकीय अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या संग्रहातील सुमारे ६० टक्के विविधता आधुनिक गव्हात आढळत नाही, असे त्यातून दिसून आले.

रोगप्रतिकारशक्ती

अमेरिकेतील मॅकफॅडन यांनी एमर गव्हाच्या संकरातून 'होप' हा वाण तयार केला. त्यातील एसआर-२ हे जनुक खोडावरील तांबेऱ्यास काही प्रमाणात, परंतु दीर्घकाळ रोखते. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या 'यूजी ९९' या तांबेऱ्याच्या प्रकाराने अनेक प्रचलित वाणांचा प्रतिकार मोडून काढला. त्याविरुद्ध प्रभावी ठरणारे एसआर-३५ हे जनुक आइनकॉर्न या प्राचीन गव्हातून, तर एसआर-१३ हे महाराष्ट्र व कर्नाटकात पिकणाऱ्या खपली गव्हातून मिळाले. खपली हा एमर गव्हाचाच प्रकार होय.

पोषणमूल्य

रानटी एमर गव्हातील जीपीसी-बी१ हे जनुक २००६ मध्ये शोधले गेले. ते पाने लवकर पिकविते आणि त्यांतील नत्र, लोह व जस्त दाण्याकडे वळविते. त्यामुळे दाण्यातील प्रथिने वाढतात. बहुतेक आधुनिक वाणांत हे जनुक निष्क्रिय आहे.

मर्यादा व जतन

रानटी जनुकासोबत लगतची अनिष्ट जनुकेही येतात. ती दूर करण्यासाठी संकरित रोपाचा आधुनिक वाणाशी अनेक पिढ्या पुनःपुन्हा संकर करावा लागतो. जीपीसी-बी१ मुळे दाणा भरण्याचा काळ घटून काही परिस्थितींत दाणा बारीक राहतो. शिवाय रोगकारक बुरशी सतत बदलत असल्याने एकच जनुक कायमचे संरक्षण देऊ शकत नाही. म्हणूनच आज निरुपयोगी वाटणाऱ्या वाणांचेही बियाणे जनुकपेढ्यांत व शेतांत टिकविणे आवश्यक ठरते. नामशेष झालेल्या वाणातील जनुके पुन्हा मिळविता येत नाहीत.