रात्र खेळाडूची, सकाळ संघाची

पहाटेचे साडेपाच. लातूरचे क्रीडा संकुल असो की नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंघजी स्टेडियम, या वेळी मैदानावर दोन प्रकारची मुले दिसतात. काहींचे धावून अंग मोकळे झालेले असते. काही डोळे चोळत बुटाची नाडी बांधण्यातच वेळ काढत असतात. प्रशिक्षकांचा प्रश्न ठरलेला, ‘काल रात्री कुठे होतास?’ उत्तरही ठरलेले, ‘सर, घरीच होतो.’ पुष्कळदा ते खरेही असते. आपल्याकडे खेळाडूची रात्र पबमध्ये क्वचितच जाते. ती अंथरुणातच, मोबाइलच्या उजेडात जाते.

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न थेट बातम्यांत येतो. पृथ्वी शॉने २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत १३४ धावा केल्या, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणे चर्चेत आली. डिसेंबरमध्ये विजय हजारे करंडकाच्या संघातही त्याचे नाव नव्हते. शॉने समाजमाध्यमावर आपले आकडेच मांडले: ६५ डाव, ३,३९९ धावा, सरासरी ५५.७. त्यावर मुंबई क्रिकेट संघटनेच्या एका अधिकाऱ्याने नाव न सांगता वृत्तसंस्थेकडे आरोप केला, की तो रात्री बाहेर असतो, पहाटे सहाला हॉटेलवर येतो, सराव चुकवतो. मैदानात त्याला लपवावे लागत असल्याने संघ जणू दहाच क्षेत्ररक्षकांनिशी खेळतो.

हा एका बाजूचा आरोप होता, हे लक्षात ठेवायला हवे. पुढे शॉ महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा केल्या. पण त्या आरोपातला ‘दहा क्षेत्ररक्षकां’चा मुद्दा महत्त्वाचा आहे. खेळाडू रात्री कुठे होता, हा त्याचा प्रश्न. सकाळी मैदानात अकरा जण उतरले की दहा, हा मात्र संघाचा प्रश्न आहे.

जागरणाने शरीरात नेमके काय होते? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ ते १९ तास सलग जागे असलेल्या लोकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांपैकी काही चाचण्यांत त्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी, किंवा त्याहून वाईट ठरली. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न पिता, केवळ जागरणाने माणूस ‘प्यायल्यासारखा’ होऊ शकतो.

मद्याचा हिशेब वेगळा आहे. व्यायामानंतर स्नायूंची डागडुजी होत असते. २०१४ मधील एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, व्यायामानंतर भरपूर मद्य घेतल्यावर हे काम मंदावले. सोबत प्रथिने दिली असतानाही स्नायूंतील प्रथिननिर्मिती सुमारे २४ टक्क्यांनी घटली. शिवाय मद्याने झोप लवकर लागली तरी ती तुटक लागते आणि लघवीवाटे पाणी जाते. मराठवाड्याच्या उन्हात हा तोटा दुप्पट जाणवतो.

आता मोबाइल. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ११२ खेळाडूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. रात्री ११ नंतर ट्विट केलेल्या खेळाडूंनी दुसऱ्या दिवशी सरासरी एक गुण कमी मिळवला आणि त्यांची नेमबाजीही थोडी घसरली. उलट बाजूही तपासली गेली आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. त्यांची फ्री थ्रोची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी सुधारली आणि धावण्याचा वेग वाढला. अभ्यास छोटा असला तरी दिशा स्पष्ट आहे.

यावर कुणी गॅरी सोबर्सचे नाव घेईल. १९७३ मध्ये लॉर्ड्सवर रात्रभर जागून आलेल्या सोबर्सने नाबाद १५० धावा केल्या, ही गोष्ट क्रिकेटरसिक आवडीने सांगतात. पण सोबर्स लक्षात राहिला, कारण तो सोबर्स होता. जागरणाने ज्यांचा झेल सुटला आणि मग संघही सुटला, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

सांघिक खेळात चूक एकट्याची राहत नाही. कबड्डीत चढाईपटूला घेरायला हातात हात धरून साखळी लावतात. त्यातल्या एकाचा पाय अर्ध्या क्षणाने उशिरा पडला, की साखळी तिथेच तुटते आणि गुण सगळ्यांचा जातो. दुखापतीचेही तसेच. किशोरवयीन खेळाडूंवरील २०१४ च्या एका अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

म्हणून संघाला विचारण्याचा हक्क आहे. पण तो सकाळपुरता. पोरगा कुणासोबत होता, कुठल्या धाब्यावर जेवला, लग्नाच्या वरातीत नाचला का, याची चौकशी म्हणजे चारित्र्याचा पंचनामा. त्यातून मुले फक्त खोटे बोलायला शिकतात. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न पुरेत: किती तास झोपलास, अंग किती दुखते, वेळेवर आलास का? हे रोज एका वहीत लिहिले, तर पंधरा दिवसांत कोण थकला आहे ते आपोआप कळते. आणि वहीत फरक दिसला, तर शिक्षेआधी विचारपूस करावी. झोप न लागण्यामागे घरची काळजी, परीक्षेचा ताण किंवा व्यसनही असू शकते. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेणेच योग्य.

हीच वही संघालाही लागू होते. लातूर किंवा नांदेडहून रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला निघायचे, अर्धी रात्र बसून काढायची, सकाळी उतरून थेट मैदान गाठायचे, किंवा स्पर्धेच्या ठिकाणी वीस जणांनी शाळेच्या एका वर्गात सतरंजीवर झोपायचे, हे जागरण खेळाडूने केलेले नसते. ते त्याच्यावर लादलेले असते. एक दिवस आधी पोहोचण्याचा खर्च न परवडणारा संघ मुलांच्या झोपेवर तो खर्च टाकत असतो.

उद्या मैदानावर कुणी डोळे चोळताना दिसला, तर ‘कुठे होतास’ याऐवजी ‘झोप झाली का’ असे विचारून पाहा. त्या प्रश्नाचे उत्तर खरे मिळण्याची शक्यता जास्त आहे.