औषधाविषयी विचारायचे कोणाला?

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. लेकीकडे पाहुणे आलेले एक गृहस्थ जुलाब आणि मुरडा म्हणून माझ्याकडे आले. दवाखान्यात गर्दी होती. आमांश समजून मी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. दहा मिनिटांत औषधाच्या दुकानातून फोन आला, "सर, काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. ते रोज वॉरफॅरिन घेतात. ही गोळी देऊ का?"

मी कपाळाला हात लावला. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन देतात. मेट्रोनिडॅझोलमुळे यकृतात वॉरफॅरिनचा निचरा मंदावतो, तिचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. काकांनी सांगितले नव्हते हे खरे, पण विचारायचे काम माझे होते. मी ती गोळी थांबवली. शौचाच्या तपासणीत आमांशाचे जंतू निघाले नाहीत. जलसंजीवनी आणि मऊ भातावर काका बरे झाले.

त्या मुलाला मी विचारले, "हे कुठे शिकलास?" तो म्हणाला, "कॉलेजच्या औषध माहिती केंद्रात. वॉर्डातून रोज प्रश्न यायचे."

हे केंद्र म्हणजे काय? अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६२ साली असे पहिले केंद्र सुरू झाले. आदल्याच वर्षी थॅलिडोमाइड हे औषध जर्मनीच्या बाजारातून काढून घ्यावे लागले होते. गरोदरपणात ते घेतलेल्या मातांची हजारो बाळे हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली. नवी औषधे झपाट्याने येत होती आणि त्यांची सगळी माहिती एका डॉक्टरच्या डोक्यात मावणे शक्य नव्हते. म्हणून डॉक्टर, परिचारिकांच्या प्रश्नांना शोधून उत्तर देणारी जागा निघाली. फार्मसीच्या विद्यार्थ्यांची ती शाळाही झाली.

तिथली शिस्त साधी असते. "हे औषध चालेल का?" असा प्रश्न आला की विद्यार्थी आधी उलट विचारतो: रुग्णाचे वय काय, मूत्रपिंड कसे आहे, बाई गरोदर आहे का, आणखी कोणती औषधे चालू आहेत? मग संदर्भग्रंथ पाहायचे, गरज पडल्यास मूळ संशोधन वाचायचे. उत्तर लेखी मांडून शिक्षकांकडून तपासून घ्यायचे आणि मगच कळवायचे. "पाहून सांगतो" म्हणण्यात कमीपणा नाही, हा तिथला मोठा धडा. आम्ही औषधशास्त्र पाठ करून पास झालो. पुढे बरेचसे ज्ञान कंपन्यांच्या गुळगुळीत पत्रकांतून आले!

आपल्या देशात २००८ पासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे असते. रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या नियमांत म्हटले आहे. पण भिंतीवर परवाना एकाचा आणि काउंटरवर दुसराच, असे असेल तर या शिक्षणाचा उपयोग काय?

वाचकहो, चालू असलेल्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून खिशात ठेवा. आयुर्वेदिक काढे आणि वेदनाशामक गोळ्याही त्यात लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, दुकानातही दाखवा. शंका आली तर नेहमीची गोळी परस्पर बंद करू नका, विचारा. औषधाचा त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या शासकीय निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते.

आणि दुकानदाराने प्रश्न विचारले तर रागावू नका. मीही आता रागावत नाही.