सव्वाशे किलोमीटरवरचं चित्र

"आलं का?"
"आलं, आलं... थांब... गेलं!"

हा संवाद ज्यांनी छपरावरून किंवा पडवीतून कधी ना कधी केला आहे, त्यांना मी कशाबद्दल बोलतो आहे ते लगेच कळेल. एक जण वर, हातात अँटेनाचा दांडा. दुसरा दारात. तिसरा आत संचासमोर. आतल्याचा शब्द दारातला वर पोचवायचा, तोवर चित्र पुन्हा मुंग्यांत बुडालेलं असायचं. लांबचं प्रक्षेपण पकडण्यासाठी अँटेना कसा निवडावा, या प्रश्नाचा मी गेली पंचवीस-तीस वर्षं जमेल तसा अभ्यास करतो आहे. माझं औपचारिक शिक्षण या विषयातलं नाही. जुनी पुस्तकं, मोडके संच आणि स्वतःच्या हातांनी कापलेल्या नळ्या हेच माझे शिक्षक. पण अभ्यासाचं मूळ १९८३ सालच्या एका घटनेत आहे, आणि त्या घटनेत एका माणसावर अन्याय झाला होता.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यालगतचं. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. गावातल्या दुकानदारांनी पहिला संच आणला, सोबत शहरातून अकरा काड्यांचा अँटेना आणला. 'जितक्या काड्या जास्त, तितकं लांबचं दिसतं,' असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आठ दिवस मुंग्यांशिवाय काही दिसलं नाही.

तेव्हा वाडीतले सुतारकाका पुढे झाले. कामासाठी ते काही वर्षं मुंबईत राहिले होते. ते म्हणाले, "मुंबईच्या चाळींवरच्या काड्या एवढ्या आखूड नसतात. सव्वा वाव तरी भरतील." दोन्ही हात पसरून होणारं माप म्हणजे वाव, होड्यांच्या कामात तेच चालतं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवल्या, सागाच्या पट्टीवर पाच काड्या बसवल्या, मागची काडी सहा बोटं लांब आणि पुढच्या थोड्या आखूड ठेवल्या, आणि पोफळीच्या सोटावर चढवून सगळं टेकाडावर उभं केलं. एप्रिलच्या एका संध्याकाळी मुंबई दिसली. स्वच्छ दिसली.

काकांचा अंदाज शास्त्राशी किती जुळणारा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते चौथ्या चॅनेलवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले ६४ म्हणजे जवळजवळ ४.७ मीटर. मुख्य काडी, म्हणजे डायपोल, तरंगाच्या निम्म्याहून किंचित आखूड लागते : सुमारे २.२ मीटर. सव्वा वाव म्हणजे तेवढंच. दुकानदारांच्या अँटेनाच्या काड्या जेमतेम ऐंशी सेंटिमीटरच्या होत्या, कारण तो १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यासाठी होता. अकराच काय, वीस काड्या असत्या तरी मुंबई आली नसती. म्हणून निवडीचा पहिला नियम : काड्या मोजण्याआधी त्यांची लांबी मोजा. हवं ते केंद्र कोणत्या चॅनेलवर आहे, ते ठरल्याशिवाय अँटेना ठरत नाही. सर्व चॅनेलांसाठी एकच अँटेना सोयीचा असतो. पण केंद्र एकच आणि तेही लांब असेल, तर त्याच मापाला कापलेला सरस ठरतो.

मागे परावर्तक, मध्ये डायपोल, पुढे दिग्दर्शक काड्या या रचनेला जग 'यागी' म्हणतं. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात ती जन्माला आली. प्रयोगांचा मोठा भार शिंतारो उदा यांनी उचलला होता. हिदेत्सुगु यागी त्यांचे ज्येष्ठ प्राध्यापक. १९२६ साली दोघांच्या नावाने निबंध निघाला. पण १९२८ साली अमेरिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या लेखावर एकट्या यागींचं नाव होतं. यागींनी त्यात उदांच्या कामाचा उल्लेख केलेला आहे. तरी वाचणाऱ्यांनी शीर्षकाखालचं नावच लक्षात ठेवलं. पुढे १९५० च्या दशकात हेच उदा युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत होते. आपल्या छपरांवरचा अँटेना ज्याने घडवला तो माणूस आपल्याच देशात राहून गेला, आणि आपण त्याचं नाव घेत नाही. आमच्या गावातही काकांच्या अँटेनाला सगळे 'दुकानदारांचा अँटेना' म्हणू लागले होते.

आता काड्यांच्या संख्येकडे येऊ. संख्या वाढली की अँटेना एका दिशेला अधिक एकाग्र होतो, हे खरं. पण हा फायदा पटीत वाढत नाही. अँटेनाची लांबी दुप्पट केली, तर हाती दोन-तीन डेसिबल लागतात. तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट. ऐकायला मोठं, पण मुंग्यांनी भरलेल्या चित्रात जेमतेम जाणवणारं. चौथ्या चॅनेलचा पाच काड्यांचा अँटेनाच चार मीटरच्या आसपास जातो. तो दुप्पट करायचा तर कोकणच्या वाऱ्यात टिकवायचा कसा?

त्यापेक्षा उंची वाढवणं किफायतशीर. प्रक्षेपकाची आणि आपली उंची मीटरमध्ये घेऊन दोन्हींची वर्गमुळं काढावीत, बेरीज करावी आणि ४.१२ ने गुणावी. लहरी ज्या क्षितिजापर्यंत सरळ पोचतात ते अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटरचा, वर्गमूळ १७.३. आमचा अँटेना टेकाड आणि सोट धरून समुद्रसपाटीपासून ५० मीटरवर, वर्गमूळ ७.१. उत्तर येतं सुमारे १०० किलोमीटर. म्हणजे मुंबई आमच्या क्षितिजाच्या पंचवीस किलोमीटर पलीकडे, पृथ्वीच्या फुगवट्याआड होती. थेट नजरेत आणायला १७० मीटर उंची लागली असती. क्षितिजाआड लहरी थोड्या वाकून पोचतात, आणि खालच्या पट्ट्यातल्या जास्त वाकतात, म्हणून काही तरी मिळत होतं. पण एप्रिलमधलं ते स्वच्छ चित्र निव्वळ वाकण्याने आलेलं नव्हतं.

२५ जून १९८३. विश्वचषकाचा अंतिम सामना. टेकाडाखालच्या पडवीत अख्खी वाडी जमली. बाहेर पाऊस, आणि पडद्यावर मुंग्या. आवाज तुटक येत होता, कारण आवाजाचा पट्टा चित्रापेक्षा फार अरुंद असतो आणि त्यामुळे तो क्षीण संदेशातही तग धरतो. काका भिजत वर उभे होते, दांडा फिरवत. कुणीतरी ओरडलं, "सुताराने विजेची कामं करू नयेत!" लोक हसले. मी सातवीत होतो, मीही हसलो. काकांनी त्यानंतर अँटेनाला हात लावला नाही.

कारण आकाशात होतं. पावसाआधीच्या महिन्यांत जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा अरबी समुद्रावरच्या दमट, थंड हवेवर पसरते. दोन थरांच्या सीमेवर लहरी खाली वाकतात आणि समुद्रालगत जणू पाटातून वाहाव्यात तशा दूर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला याच कारणाने हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे. मोसमी वारे सुटले की हवा घुसळली जाते, थर मोडतात आणि पाट आटतो. एप्रिलमध्ये दुकानदारांचं कौतुक झालं ते या पाटामुळे, जूनमध्ये काकांची टवाळी झाली ती पाट आटल्यामुळे. अँटेना तोच होता.

याहून लांबचा प्रकार आणखी विचित्र आहे. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, विशेषतः उन्हाळ्याच्या महिन्यांत, विद्युतभारित हवेचे दाट ढग अचानक तयार होतात. खालच्या पट्ट्यातल्या लहरी त्यांवरून परतून एका उडीत दोन हजार किलोमीटरपर्यंत जातात. सूर्यावरचे डाग वाढलेले असले तर त्याहून वरचा थरही मदतीला येतो. १९३८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या बीबीसीचं ४५ मेगाहर्ट्झवरचं चित्र न्यूयॉर्कजवळ दिसलं आणि त्याचं चित्रीकरणही झालं, ते असंच. अशा वेळी संदेश इतका जोमदार असू शकतो की साधा डायपोलही पुरतो. म्हणजे गंमत पाहा : हजारो किलोमीटरसाठी अँटेनापेक्षा आकाश महत्त्वाचं, आणि अँटेनाची खरी कसोटी शंभर ते तीनशे किलोमीटरच्या टप्प्यात.

राहिला बूस्टर. लोक सर्वांत आधी तोच विकत घेतात. बूस्टर संदेशासोबत गोंगाटही वाढवतो. जे अँटेनात आलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. त्याचं खरं काम केबलमधली गळती भरून काढणं, म्हणून तो संचामागे नव्हे, वर अँटेनाशेजारी बसवावा. खालच्या पट्ट्यात आकाशाचा आणि यंत्रांचा गोंगाटच इतका असतो की उपयोग थोडा. वरच्या यूएचएफ पट्ट्यात मात्र मोठा. किनाऱ्यावर जुनी चपटी दुपदरी वायर टाळावी. कोरडी असताना ती उत्तम, पण मीठ आणि ओल बसली की संदेश वाटेतच संपतो. आमच्याकडे तीच होती. पावसाने दोन्हीकडून घेरलं होतं.

२०२२ पर्यंत दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक बंद झाले. डिजिटल प्रक्षेपणात मुंग्या नसतात. चित्र एक तर पूर्ण येतं, नाही तर चौकोनांत फुटून नाहीसं होतं. तरी निवडीचा क्रम तोच आहे : आधी चॅनेल, मग उंची, मग त्या मापाचा अँटेना, मग चांगली केबल, आणि सर्वांत शेवटी बूस्टर. आणि एकाच संध्याकाळीवरून कोणत्याही अँटेनाचा निकाल लावू नये. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा.

हे सगळं जुळवून माझ्या वहीत आलं तोवर काका गेले होते. त्यांच्या मुलाकडे मी ती आकडेमोड घेऊन गेलो. त्याने शांतपणे ऐकलं आणि माळ्यावरून एक नळी काढून दिली. मी टेप लावली. दोन मीटर एकवीस सेंटिमीटर.