टाळ्या पाचव्या नंबरला

न्यूजर्सीत माझी लेक हायस्कूलच्या क्रॉस कंट्री संघात धावते. ५ किलोमीटर, गवत, चढ, चिखल! त्या दिवशी ती संघात पाचवी आली. मी समजूत काढली, ‘‘असू दे गं, पुढच्या वेळी!’’ तर बाईसाहेब फुरंगटल्या. ‘‘आई, माझ्यामुळंच जिंकलो आम्ही!’’

मग हिशेब कळला. संघातल्या सात जणी धावतात, पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्यांची बेरीज कमी, ते जिंकले. पहिली कितीही पुढं गेली, तरी पाचवी रेंगाळली की मुसळ केरात! लेकीनं शेवटच्या चढावर दोघींना मागं टाकलं होतं आणि संघ एका अंकानं जिंकला होता.

मैत्रिणींनो, मी मात्र संघातली पहिली मुलगी पोचताच टाळ्या थांबवल्या होत्या. आता सातवी येईपर्यंत वाजवते.