इंजिन तापण्याचे निदान

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा मोटारीचे इंजिन नेमके कोणत्या स्थितीत तापते, हे पाहणे निदानासाठी सर्वांत मोलाचे ठरते. गाडी उभी असताना काटा चढून वेग घेताच उतरत असेल, तर संशय प्रथम रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. उलट, वेगात असतानाच तापत असेल, तर रेडिएटर चोंदणे, वॉटर पंप निकामी होणे किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप, अडकणे संभवते. बोअरचे क्षारयुक्त पाणी वारंवार भरल्यास रेडिएटरच्या नळ्यांत थर साचतो, आणि ही सवय खरोखर घातक आहे. बाहेर गळती नसताना कूलंट घटून सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असल्यास हेड गॅस्केट तपासावे.